बुडबुडे मोजणारे विद्यापीठ

काचेची एक उभी नळी. उंची माणसाएवढी, रुंदी जेमतेम वीतभर. तळाशी बारीक भोकांची चकती, तिच्याखालून येणारी वायूची नळी, आणि वाटेत रोटामीटर, म्हणजे वायूच्या वेगाप्रमाणे वरखाली होणारा छोटा तरंगता दर्शक. नळीत कॉस्टिक सोड्याचे पाणी भरलेले. झडप उघडली की तळातून बुडबुड्यांचा लोट उठतो आणि नळी दुधाळ होते. काही मोठे बुडबुडे मधोमध सुसाट वर जातात, बारके कडेने खाली ओढले जातात, काही फुटतात, काही एकमेकांत मिसळतात. रसायन उद्योगातल्या असंख्य प्रक्रियांत असेच घडते. वायू द्रवातून जातो आणि जिथे दोघे एकमेकांना भिडतात तिथेच अभिक्रिया होते. म्हणून कारखान्याची टाकी बांधायची तर एक प्रश्न टाळता येत नाही: बुडबुड्यांचा सगळा मिळून पृष्ठभाग किती?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. एक लिटर हवा एक सेंटिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली, तर पृष्ठभाग भरतो सुमारे ०.६ चौरस मीटर. तीच हवा एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर ६ चौरस मीटर, आणि बुडबुड्यांची संख्या जवळपास १९ लाख. ते एकसारखे नसतात, स्थिर नसतात आणि दुधाळ पाण्यात पलीकडचे दिसतही नाहीत. कॅमेरा लावला तरी काचेलगतचेच टिपले जातात. आता यावरचा तोडगा पाहा. हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. कॉस्टिक सोड्याशी त्याची अभिक्रिया इतकी झपाट्याने होते, की पृष्ठभागाजवळच्या पातळ थरातच तो संपून जातो. मग पाणी किती घुसळले गेले याने फरक पडत नाही. एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला किती वायू आत जाणार, हे रसायनशास्त्रच ठरवते. पृष्ठभाग आधीच ठाऊक असलेल्या साध्या भांड्यात हा दर मोजून ठेवायचा. मग मोठ्या नळीत एकूण किती कार्बन डायऑक्साइड शोषला गेला ते पाहायचे आणि भागाकार करायचा. जत्रेत दर माणशी एकच लाडू वाटला असेल, तर गर्दीची मोजदाद करायला रिकाम्या पराती मोजल्या तरी पुरते, तसे हे आहे. आणि शोषला गेलेला वायू मोजायला काय लागते? ब्युरेट, आम्ल आणि बी.एस्सी.च्या मुलांना पाठ असलेली दोन दर्शकांची टायट्रेशन पद्धत. गुलाबी रंग कोणत्या थेंबाला गेला, हे पाहणारा डोळा.

ही रासायनिक पद्धत पक्की करण्यात केंब्रिजचे पीटर डॅन्कवर्ट्स आणि त्यांचे विद्यार्थी मनमोहन शर्मा यांचा मोठा वाटा आहे. शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. करून परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. माटुंग्यातला हा विभाग, ज्याला दोन-तीन पिढ्या ‘यूडीसीटी’ म्हणत आल्या. ‘ज्ञान कुठे घडते?’ असा प्रश्न संपादकांनी या अंकासाठी दिला. त्याचे उत्तर शोधताना मी या नळीपाशी थांबतो, कारण माझा मुद्दा तिच्यात जवळजवळ पूर्ण मावतो. संशोधनाची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांच्या वर्दळीत, म्हणजे विद्यापीठात असावी. तिथून ती उचलून वेगळ्या आवारात नेण्याची आपल्याकडे सवय लागली आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

गिरण्यांना हवा होता रंग

यूडीसीटीचा जन्म १ ऑक्टोबर १९३३चा. त्या वेळची मुंबई कापडाची मुंबई होती. कापड विणायला कामगार होते, विकायला बाजार होता. पण कापड धुणे, विरंजणे, रंगवणे यामागचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे बाहेरून आणावी लागत, आणि रंगही. म्हणून विद्यापीठाने सुरुवातीला जे अभ्यासक्रम काढले त्यांत वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे मुख्य होते. बी.एस्सी. झालेल्या मुलांना दोन वर्षे शिकवायचे आणि थेट गिरणीत किंवा कारखान्यात उभे राहता येईल असे तयार करायचे. सुरुवात दुसऱ्याच्या जागेत झाली. माटुंग्याच्या आपल्या इमारतीत विभाग आला तो १९४३ मध्ये.

म्हणजे पाया संशोधनाचा नव्हता, शिकवण्याचा होता. संशोधन त्यात आले ते के. व्यंकटरामन यांच्यासारख्या शिक्षकांमुळे. ते मूळचे मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. लाहोरला शिकवत असताना त्यांनी अभ्यासलेली एक अभिक्रिया आजही बेकर-व्यंकटरामन या जोडनावाने सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७पर्यंत त्या जागी राहिले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२पासून खंडाखंडांनी निघत गेला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसला. गिरणीतल्या मालाला रंग का चढत नाही, या रोजच्या प्रश्नापासून रेणूची रचना आणि रंग यांच्या नात्यापर्यंतचा हा पल्ला एकाच इमारतीत, एकाच फळ्यासमोर गाठला गेला, याचे महत्त्व मला फार वाटते. दुपारी वर्गात जे शिकवायचे त्याचीच शंका संध्याकाळी प्रयोगशाळेत घेऊन जायची, असा तो रिवाज होता.

इथून बाहेर पडलेल्यांची नावे मराठी वाचकांना परकी नाहीत. केकी घरडा इथेच शिकले, काही काळ इथेच शिकवले, आणि मग रंग व कीटकनाशके स्वतःच्या पद्धतीने बनवू लागले. चिपळूणजवळच्या लोटे परशुरामला त्यांचा कारखाना उभा राहिला. अंजी रेड्डी इथे औषधनिर्मितीचे तंत्रज्ञान शिकले, पुण्यात पीएच.डी. झाले आणि पुढे हैदराबादला औषधांची कंपनी काढली. ‘पदवीधर यशस्वी झाले’ एवढे सांगण्यासाठी ही नावे घेतली नाहीत. परदेशी माल येत असतानाही तोच रेणू वेगळ्या, स्वस्त वाटेने बनवता येतो, हा विश्वास त्यांनी घेतला होता, आणि तो विश्वास पुस्तकातून येत नाही. शेजारच्या टेबलावर कोणीतरी तसे करून पाहत असेल, फसत असेल, पुन्हा करत असेल, तर तो येतो.

तळी बांधली, नदी राहिली

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाने एक निवड केली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली होती. शांतिस्वरूप भटनागर तिचे सूत्रधार. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारायच्या, प्रत्येकीला एक विषय द्यायचा, चांगली इमारत, चांगली उपकरणे आणि पूर्णवेळ शास्त्रज्ञ द्यायचे, अशी ती योजना. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, त्यातलीच. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. घाई समजण्यासारखी होती. देशाला पोलाद, औषधे, खते, रंग, सगळेच हवे होते आणि विद्यापीठे परीक्षांच्या ओझ्याखाली होती. ज्यांनी ही निवड केली त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही.

पण त्याच वेळी मेघनाद साहा दुसरे सांगत होते. संशोधनाचा पैसा विद्यापीठांबाहेर नेलात तर विद्यापीठे कोरडी पडतील, असा त्यांचा आग्रह. कोलकात्यात त्यांनी अणुभौतिकीची संस्था उभारली तीही विद्यापीठाला जोडूनच. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार होता. साहांचे आयनीभवनाचे समीकरण १९२०चे, तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठात होते. रामन यांनी १९२८ मध्ये आपला परिणाम शोधला तेव्हा प्रयोगाची जागा इंडियन असोसिएशनची होती, पण ते विद्यापीठाचे प्राध्यापक होते आणि त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका होता. सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४चा निबंध ढाका विद्यापीठातला. प्लँकचा नियम वर्गात शिकवताना त्याच्या सिद्धतेतली विसंगती त्यांना टोचत राहिली आणि त्यातूनच नवी मांडणी निघाली. यांतल्या एकाही ठिकाणी उपकरणांची श्रीमंती नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय विज्ञानाने जगाला जे दिले, ते बहुतांशी विद्यापीठांच्या अवतीभवतीच पिकले.

साहांचे म्हणणे विरोधकाचे म्हणून बाजूला ठेवता येईल. पण होमी भाभा तर विद्यापीठाबाहेरच्या मोठ्या संस्थांचे शिल्पकार. त्यांनीही जानेवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम पंधरवडाभर आधी मुंबईत दिलेल्या भाषणात मान्य केले होते, की राष्ट्रीय प्रयोगशाळांना माणसे विद्यापीठांतून ओढून आणावी लागली आणि त्यामुळे विद्यापीठे दुबळी झाली. आपली अणुऊर्जेची संस्था माणसे घडवत घडवत वाढली, हा फरक त्यांना दाखवायचा होता. तरी कबुली ती कबुलीच.

आता पुणे आणि माटुंगा यांचे नाते पाहा. एनसीएलचे पहिले दोन संचालक परदेशी होते. तिसरे, आणि पहिले भारतीय, म्हणजे व्यंकटरामन. १९५७ मध्ये माटुंग्याहून आलेले. त्यांच्यानंतर बी. डी. टिळक, व्यंकटरामन यांचे विद्यार्थी आणि पुढे माटुंग्यातलेच प्राध्यापक. १९८९ मध्ये आलेले रघुनाथ माशेलकर. माटुंग्याचे पदवीधर आणि शर्मांचे पीएच.डी.चे विद्यार्थी. म्हणजे पहिल्या चार भारतीय संचालकांपैकी तिघे एकाच विद्यापीठाच्या एकाच विभागातून आले. राहिलेले एल. के. दोराईस्वामी माटुंग्याचे नव्हते; पण विषमांगी अभिक्रियांवरचा त्यांचा जाडजूड, दोन खंडांचा ग्रंथ १९८४ मध्ये निघाला तो शर्मांबरोबर लिहिलेला. एनसीएल हे मोठे तळे आहे, त्याने अनेक शेते भिजवली, हे निर्विवाद. पण त्यात पाणी आले ते माटुंग्याच्या नदीचे. देशाने धरणाच्या भिंतीवर खर्च केला आणि नदीच्या उगमाकडे पाहिले नाही, हा माझा आक्षेप आहे.

आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या आकडेवारीप्रमाणे संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के. या आधीच आखूड पांघरुणात उच्च शिक्षण संस्थांच्या वाट्याला आले ८.८ टक्के. या ८.८ टक्क्यांत आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थाही आल्या. मग राज्याच्या विद्यापीठातल्या एखाद्या विभागापर्यंत काय पोचत असेल, त्याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

अडाणी प्रश्नाची किंमत

विद्यार्थी असल्याने संशोधनाला नेमका काय फायदा होतो? ‘तरुण ऊर्जा’ वगैरे उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. फायदा तीन जागी दिसतो, आणि तिन्ही जागा रोजच्या कामातल्या आहेत.

पहिली जागा वर्गाची. पूर्णवेळ शास्त्रज्ञाला आपल्या विषयाचा पाया पुन्हा कधी खणावा लागत नाही. शिक्षकाला दर जूनमध्ये तो खणावा लागतो. एकोणीस वर्षांची मुलगी विचारते, की अभिक्रिया पातळ थरातच संपते हे तुम्ही गृहीत धरलेत, पण संपली नाही तर? प्रश्न अडाणी वाटतो, पण सगळी पद्धत त्या गृहीतकावर उभी आहे. कॉस्टिकची तीव्रता कमी पडली, तर वायू थर ओलांडून आत घुसतो आणि भागाकार चुकतो. कोणत्या मर्यादेत पद्धत चालते आणि कुठे फसते, हे ठरवण्यात या क्षेत्रातल्या संशोधनाचा मोठा भाग गेला आहे. वर्गात शिकवताना पाया पुन्हा खणावा लागणे, हेच बोस यांच्या बाबतीतही झाले होते.

दुसरी जागा परंपरेची. डॅन्कवर्ट्स हे विलक्षण गृहस्थ. युद्धकाळात लंडनवर पडलेले सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. पुढे द्रवाचा पृष्ठभाग सतत नवा होत राहतो या कल्पनेवर त्यांनी वायुशोषणाचा सिद्धान्त मांडला. शर्मांनी तो धागा माटुंग्यात आणला. माशेलकरांनी शर्मांकडे बुडबुड्यांच्या स्तंभातल्या वस्तुमान-वहनावर काम केले. शर्मांचेच विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांनी पुढचा प्रश्न घेतला. पृष्ठभाग किती हे कळले. पण नळीतले पाणी फिरते कसे? मधून वर, कडेने खाली, असे भोवरे एकावर एक रचलेले असतात, हे त्यांचे आणि शर्मांचे प्रतिमान १९७९चे. तेच जोशी पुढे विभागाचे संचालक झाले. इथे प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा प्रश्न थोडा सरकवला. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे लागतात. मग विद्यार्थी जातो, नवा येतो आणि जुन्याची वही उघडतो. कायम नोकरीतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत माणूस आणि त्याचा प्रश्न एकत्रच म्हातारे होण्याची भीती असते. विद्यापीठात माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर प्रश्नही नवा होतो.

तिसरी जागा पैशाची. ज्या नळीपासून लेख सुरू केला तिच्यात महाग असे काही नाही. त्या काळात परकीय चलन मिळत नव्हते, आयात उपकरणासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. माटुंग्याने ज्या प्रश्नांना हात घातला त्यांत डोक्याचा वाटा मोठा होता आणि परकीय चलनाचा लहान. काचकाम करणारा कुशल कारागीर, कार्यशाळेतला फिटर आणि टायट्रेशनला कंटाळणार नाही असा विद्यार्थी, एवढ्यावर जागतिक दर्जाचे काम झाले. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते. त्यामागे केंब्रिजची तालीम आहे, तशीच माटुंग्यातली पंचवीस वर्षांची विद्यार्थ्यांची रांगही आहे.

आक्षेप

या मांडणीवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की माटुंग्याचे यश उद्योगांच्या सल्लागारीवर उभे होते, आणि सल्लागारी हा संशोधनाचा घसरता रस्ता आहे. कारखानदार विचारेल ते सोडवत बसलात तर मूलभूत प्रश्न राहून जातात, आणि जे सापडते ते गुपित म्हणून कपाटात जाते. ही भीती खरी आहे. केवळ नमुने तपासून अहवाल देणारा विभाग काही वर्षांत चाचणी केंद्र होतो. असे होताना महाराष्ट्राने पाहिले आहे. पण बुडबुड्यांच्या पृष्ठभागाचा प्रश्न कोणत्याही एका कारखान्याचा नव्हता. दहा कारखान्यांच्या दहा तक्रारींमागे एकच न सुटलेली गोष्ट आहे, हे ओळखण्यातून तो आला. तक्रार गुप्त राहिली तरी तिच्यामागचे तत्त्व छापता येते. हा फरक सांभाळणारा शिक्षक असेल तर सल्लागारीतून संशोधनाला प्रश्न मिळत राहतात; नसेल तर ती संशोधनालाच खाऊन टाकते. नियम करून हे साधणार नाही, माणूस निवडूनच साधेल.

दुसरा आक्षेप यंत्रांच्या आकाराचा. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, नारायणगावच्या परिसरात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोऱ्यांवर तारांची जाळी ताणून तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या, ही अभियांत्रिकीतली मोठी कामगिरी. असे काम परीक्षा विभागाच्या शेजारी होईल का? नाही होणार, हे मी मान्य करतो. एका विद्यापीठाला न पेलणारी यंत्रे असतात आणि त्यांना स्वतंत्र संस्था लागते. पण रासायनिक अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सांख्यिकी, पदार्थविज्ञानाचा बहुतेक भाग, हे विषय तसे नाहीत. मोठ्या यंत्राचा दाखला देऊन सगळेच विषय बाहेर नेले गेले, ही चूक झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. यूडीसीटी इतकी चांगली होती, तर ती मुंबई विद्यापीठात राहिली का नाही? २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ हे नाव आले आणि विद्यापीठाशी असलेले पंचाहत्तर वर्षांचे नाते संपले. म्हणजे तुमचे उत्तम उदाहरणच विद्यापीठातून बाहेर पडले, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे. ती बाहेर पडली ती संलग्न महाविद्यालयांच्या, लाखोंच्या परीक्षांच्या कारभारातून. शिकवण्यातून ती बाहेर पडली नाही. पदवीचे वर्ग तिथे आजही भरतात. २०१८ मध्ये जालना आणि भुवनेश्वरलाही तिची आवारे सुरू झाली, तीही शिकवण्यासाठीच. अडचण एकाच छपराखाली वर्ग आणि प्रयोगशाळा असण्याची नव्हती. शेकडो महाविद्यालयांचे वेळापत्रक, प्रश्नपत्रिका आणि निकाल यांतच ज्या कुलगुरूंचा दिवस संपतो, त्यांच्याकडे प्रयोगशाळेच्या खरेदीची फाइल पोचेपर्यंत वर्ष सरते, ही अडचण होती.

आणि विद्यापीठाबाहेर गेलेल्यांना शेवटी काय करावे लागले? टाटा मूलभूत संशोधन संस्था २००२ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. अणुऊर्जा विभागाने २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था काढली. वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनीही पुढे आपली स्वतःची पदवी देणारी अकादमी उभारली. २००६ मध्ये पुण्यात पाषाणला एनसीएलच्या शेजारी आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, सुरू झाली, ती तर पदवीच्या मुलांना संशोधनाच्या मध्यात बसवण्यासाठीच. विद्यार्थ्यांवाचून प्रयोगशाळा चालत नाही, हे साहा सांगत होते. साठ वर्षांनी प्रयोगशाळांनीच ते कृतीने मान्य केले. मधल्या काळात राज्यांच्या विद्यापीठांचे जे झाले ते मात्र भरून आले नाही.

गणेशखिंडीतला पूल

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात एक वेगळा प्रयोग झाला. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना आंतर-विद्यापीठीय केंद्रांच्या कल्पनेने जोर धरला. महागडी सोय एका जागी उभारायची, पण ती कोणा एका संस्थेची न ठेवता देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना मोकळी करायची. खगोलविज्ञानासाठीचे असे केंद्र, आयुका, १९८८ मध्ये स्थापन झाले. जयंत नारळीकर टाटा संस्था सोडून त्याचे संस्थापक-संचालक झाले. नरेश दधीच आणि अजित केंभावी त्यांच्या सोबतीला. इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखली.

आयुकाची वास्तू आणि शनिवारची शाळकरी मुलांसाठीची व्याख्याने सर्वांना माहीत असतात. मला अधिक मोलाची वाटते तिची सहयोगी-सदस्यांची योजना, कारण ती नेमकी तुटलेल्या जागी टाका घालते. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक काही वर्षांसाठी सहयोगी होतो. सुट्टीत येतो, राहायला खोली मिळते, ग्रंथालय, संगणक, दुर्बिणींची निरीक्षणे आणि बोलायला माणसे मिळतात, प्रवासखर्चही मिळतो. आणि मग तो परत जातो. या परत जाण्यातच सगळे आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळेने माणूस उचलला की तो त्याच्या वर्गाला कायमचा मुकतो. इथे तो जूनमध्ये फळ्यासमोर उभा असतो, हातात ताजे निरीक्षण घेऊन. गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण, ‘आदित्य एल-१’वर बसवलेले अतिनील किरणांत सूर्य टिपणारे उपकरण, ही आयुकाची ठळक कामे आहेतच. पण देशातल्या लहानमोठ्या विद्यापीठांत आज खगोलशास्त्राचे संशोधन करणारे जे शिक्षक आहेत, त्यांतल्या पुष्कळांची वाट या आवारातून गेली आहे. रसायनशास्त्रासाठी, जीवशास्त्रासाठी, शेतीच्या मातीसाठी अशी केंद्रे गावोगावच्या शिक्षकांना मोकळी का झाली नाहीत, हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारत राहीन.

२०२३च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने याच दिशेने पाऊल टाकले आहे. एक समर्थ संस्था मध्ये आणि तिच्याभोवती कमी साधनांची विद्यापीठे, अशा जोडण्यांना ते पैसा देते. कल्पना चांगली आहे. पण आयुकाचा टाका बसला तो दुसऱ्या टोकाला धरायला कोणीतरी होते म्हणून. महाविद्यालयात कायम नेमणुकीचा, वीस वर्षे त्याच गावात शिकवणारा प्राध्यापक होता. पूल बांधताना आधी दोन्ही काठ पाहावे लागतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी विभागांत आज तो दुसरा काठ खचला आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक करतात. हे लोक नेट-सेट झालेले, अनेक जण पीएच.डी. झालेले, काही माटुंग्याच्या आणि पाषाणच्या तालमीतले. तासाचे मानधन मिळते, तेही महिनोन्महिने अडकते. सत्र संपले की नेमणूक संपते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. प्रकल्पाचा अर्ज करायला कायम पद लागते, विद्यार्थी घ्यायलाही. विभागाच्या प्रयोगशाळेत काचेची नळी उभी करता येईल एवढी जागा आहे. ब्युरेट आहेत, कॉस्टिक सोड्याच्या बाटल्या आहेत, अनुदान मार्चच्या तोंडावर आले तरी सिलिंडर येतो. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी विचारते आहे, की थरातच अभिक्रिया संपली नाही तर काय होईल. शिकवणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे, त्यातून निघणारा पुढचा प्रश्नही ठाऊक आहे. पण तिला पीएच.डी.ला घ्यायचे तर नोंदणीच्या अर्जावर मार्गदर्शकाच्या नावासाठी जी ओळ आहे, तिथे त्याला आपले नाव लिहिता येत नाही.